‘गॅस भरावा लागेल’ या एका वाक्यानं धंदा बुडतो



एप्रिल अर्धा झाला की आमच्या सिंदी मेघेच्या दुकानातला फोन सकाळी आठपासून वाजायला लागतो. (बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, ही वर्धा शहराला लागून असलेली सिंदी मेघे. सेलू तालुक्यातली सिंदी रेल्वे वेगळी. दरवर्षी एखादं तरी गिऱ्हाईक चुकून तिकडे जाऊन येतंच.) फोनवरचं वाक्य ठरलेलं असतं: "भाऊ, फ्रीज थंडच नाही करून राहिला." आणि त्याच दमात दुसरं वाक्य, "गॅस संपला असंल. भरायचे किती घेता?"

म्हणजे बघा, रोगही गिऱ्हाईकानेच सांगितला आणि औषधही. तुम्ही फक्त ‘हो’ म्हणायचं आणि भाव सांगायचा. समोरचा पैसे द्यायला तयार आहे, तुमच्या पिशवीत गॅसचा डबा आहे, आणि फ्रीजच्या मागे तुम्ही काय करताय ते त्याला कळणार नाही. आजचा लेख या ‘हो’बद्दल आहे.

मागच्या व्हिडिओत मी फ्रीज, कूलर, वॉशिंग मशीन दुरुस्तीचं दुकान कमी भांडवलात कसं सुरू करायचं ते सांगितलं होतं. त्यावर बऱ्याच जणांनी एकच विचारलं, "दादा, यात कमाई कशात आहे?" काहींनी उत्तरही स्वतःच लिहिलं, "गॅस चार्जिंगमध्ये." मला ते खटकलं. म्हणून माझं मत सरळ सांगतो. या धंद्यात विकायची खरी वस्तू म्हणजे तपासणी. ती फुकट देऊन गॅसवर कमाई करायला निघालात, तर आज ना उद्या खोटं बोलावंच लागेल. आणि वर्ध्याएवढ्या गावात खोटं दोन उन्हाळ्यांपेक्षा जास्त टिकत नाही.

आधी माझीच चूक सांगतो

मी बीबीए केलेला माणूस. दुकान टाकलं तेव्हा बॅलन्स शीट कळत होती, कॅपिलरी कळत नव्हती. मशीनचं काम मी आमच्याकडच्या मोठ्या मिस्त्रींच्या हाताखाली बसून शिकलो. त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. शिकत असताना दुसऱ्याच उन्हाळ्यात एक फोन आला. रिटायर्ड मास्तर, सिंगल डोअर फ्रीज, "दुपारी पाणी थंड होत नाही." त्या दिवशी हातात बरेच कॉल होते. मी फोनवरच सांगून टाकलं, "सर, नॉब फुल करून ठेवा. उद्या बघतो."

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ना, तेच केलं. फ्रीजमध्ये काय ठेवलंय हे मी विचारलंच नाही. मास्तरांच्या घरी इन्सुलिन होतं, आणि ते फ्रीझरच्या बरोब्बर खाली चिलर ट्रेमध्ये. रात्री हवा थोडी उतरली, व्होल्टेज सुधारलं, नॉब फुल, आणि सकाळी दोन नव्या बाटल्या गोठलेल्या. इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, आणि एकदा गोठलं की वितळवून वापरता येत नाही, फेकावंच लागतं. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. बाटल्यांचे पैसे मी भरले. पण मास्तर एक वाक्य बोलले ते अजून डोक्यात आहे, "पैशाचं नाही रे बाबा, मी ते काल रात्री टोचलं असतं तर?"

फ्रीजला झालं काय होतं? दाराचं खालचं रबर दोन बोटं सुटलं होतं. गरम पाणी आणि दहा मिनिटांचं काम.

तेव्हापासून आमच्या दुकानात फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला आहे: "आत औषध, इन्सुलिन, बाळाचं दूध असं काही आहे का?" असेल तर आधी ते शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये हलवा, बाकीचं नंतर बोलू. तुम्ही दुकान काढाल तेव्हा हा प्रश्न फोनच्या वर भिंतीला चिकटवून ठेवा. सावंगीचं मोठं हॉस्पिटल आपल्या शेजारी आहे. पेशंटसाठी खोली घेऊन राहणारी माणसं या भागात भरपूर आहेत. त्यांच्या फ्रीजमध्ये भाजीपेक्षा महाग गोष्टी असतात.

गॅस ‘संपत’ नाही

फ्रीज म्हणजे स्वयंपाकाचा सिलिंडर नाही. त्यातला गॅस जळत नाही, खर्च होत नाही. बंद नळ्यांमध्ये तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. आत उष्णता उचलतो, मागच्या जाळीत सोडतो, परत आत जातो. गॅस कमी झाला याचा अर्थ एकच: कुठेतरी गळती आहे. ती शोधून बंद न करता वरून गॅस भरणं म्हणजे पंक्चर न काढता सायकलमध्ये हवा भरणं. चार दिवस, चार महिने चालेल, मग परत बसेल.

म्हणून कोणी "गॅस संपला" म्हटलं की पुढचा प्रश्न विचारा, "लीक कुठे सापडला?" याचं उत्तर नसेल तर निदानच झालेलं नाही. गिऱ्हाईकांनाही हा प्रश्न शिकवा. मी शिकवतो. माझ्या धंद्याचं त्याने नुकसान होत नाही, उलट फायदाच होतो, कारण उत्तर माझ्याकडे असतं.

वीस मिनिटांत काय बघायचं

आमच्या दुकानात नव्या पोरांना हा क्रम पाठ करायला लावतो. सोप्यापासून अवघडाकडे जायचं. उलटं गेलात की आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

१. वीज. सॉकेटला मल्टिमीटर लावा. नुसतं २३० दिसलं म्हणून खूश होऊ नका, कॉम्प्रेसर सुरू होताना किती पडतं ते बघा. संध्याकाळी गल्लीतले सगळे कूलर लागले की व्होल्टेज कुठे जातं ते आपल्याला माहीत आहे. फ्रीज एक्स्टेन्शन बोर्डवर असेल तर आधी तो काढा. आणि लाइट जाऊन आली की फ्रीज लगेच सुरू करू नका, तीन-चार मिनिटं थांबा. आतला दाब समान झाल्याशिवाय कॉम्प्रेसरला उचल घेता येत नाही.

२. जागा. मागे भिंतीपासून वीतभर अंतर आहे का? जाळी धुळीने, पिठाने, जाळ्यांनी भरलीय का? प्लग काढून ब्रशने साफ करा. गरम हवा निघायला वाट नसेल तर फ्रीज काय करणार? बऱ्याच नव्या फ्रीजना मागे जाळी दिसतच नाही, ती बाजूच्या पत्र्यांच्या आत असते. त्यामुळे बाजू गरम लागणं हे नॉर्मल आहे. "बाजू तापून राहिली" म्हणून घाबरलेल्या काकूंना हे समजावून सांगा. इथे खोटं बोलायला फार सोपं असतं, म्हणून मुद्दाम सांगतो.

३. दार. रबरामध्ये नोट धरून दार लावा आणि नोट ओढा. सहज सुटली तर तिथून हवा जातेय. चारी बाजूंनी बघा. रबर कडक किंवा वाकडं झालं असेल तर साबणाच्या कोमट पाण्याने पुसा, वाकडा भाग कोमट करून सरळ करा. फाटलं असेल तर बदला.

४. वापर. गरम भाजीचं पातेलं तसंच आत जातंय का? लग्नाच्या सीझनमध्ये सगळा फ्रीज कोंबलाय का? हवा फिरायच्या जाळीसमोरच पिशवी ठेवलीय का? हे विचारताना आवाज मऊ ठेवा. गिऱ्हाईकाची परीक्षा घेतल्यासारखं वाटलं तर ते खरं सांगणार नाही.

५. बर्फ. सिंगल डोअरमध्ये फ्रीझरला बोटभर बर्फ चढला की तोच रजईसारखं काम करतो, थंडी खाली येत नाही. डिफ्रॉस्ट करा. चाकू, स्क्रू ड्रायव्हर लावून बर्फ फोडू नका आणि फोडू देऊ नका. फ्रीझरचा पत्रा पातळ असतो आणि त्याच्या आत गॅसची वाट असते. एक छिद्र पडलं की मग मात्र गॅस खरंच जातो. मामा म्हणतात, "अर्धे गॅसचे कॉल सुरीने जन्माला येतात."

६. डबल डोअरची खूण. वर बर्फ जमतोय, खालचा भाग मात्र गरम. ही तक्रार ऐकली की गॅसचं नाव काढू नका. गॅस गेला असता तर वरही जमलं नसतं. अशा वेळी बहुतेकदा आतल्या कॉइलवर बर्फाची भिंत झालेली असते किंवा पंखा बंद असतो, त्यामुळे थंड हवा खाली येत नाही. फ्रीज एक दिवस बंद करून दोन्ही दारं उघडी ठेवा, खाली फडकं टाका. सुरू केल्यावर चार-आठ दिवस छान चालला आणि परत बसला, तर डिफ्रॉस्टचा हीटर, बायमेटल, सेन्सर किंवा टायमर तपासा. हे पार्ट छोटे आहेत आणि काम प्रामाणिक आहे. त्याचे पैसे मान वर करून मागा.

७. आवाज. दर काही मिनिटांनी ‘टक’ असा आवाज येतो आणि कॉम्प्रेसर सुरू होत नाही. आधी व्होल्टेज, मग रिले आणि ओव्हरलोड. कॉम्प्रेसर बदलायची भाषा त्याच्यानंतर.

८. आता गॅस. कॉम्प्रेसर न थांबता चालतोय, मागची जाळी कोमटसुद्धा होत नाही, फ्रीझरच्या एकाच कोपऱ्यात थोडा बर्फ आणि बाकी कोरडं. या खुणा दिसल्या की गळती किंवा कॅपिलरी चोक असा संशय घ्यायचा. संशयच. नक्की काय ते लीक तपासूनच ठरवायचं.

मोजायचं कसं, तेही सांगतो. हात घालून "थंड नाही" म्हणणं हे मोजमाप नाही. मधल्या कप्प्यात पाण्याचा ग्लास ठेवा, त्यात थर्मामीटर, आणि रात्रभर दार उघडू नका. सकाळी ३ ते ५ अंश दाखवलं तर फ्रीज ठणठणीत आहे. फ्रीझर उणे १८ च्या आसपास हवा. थर्मामीटर फार महाग नसतो, आणि त्याने भांडणं मिटतात.

आणि वर्ध्याचं ऊन

एक गोष्ट पुस्तकात असते, पण आपल्याकडे ती कोणी सांगत नाही. फ्रीजच्या लेबलवर किंवा पुस्तिकेत ‘क्लायमेट क्लास’ लिहिलेला असतो. ‘एन’ म्हणजे बाहेर ३२ अंशांपर्यंत, ‘एसटी’ म्हणजे ३८ पर्यंत, ‘टी’ म्हणजे ४३ पर्यंत. यातला सगळ्यात दणकट ‘टी’ क्लाससुद्धा ४३ ला थांबतो. नवतपात आपल्या वर्ध्याचा पारा ४५ च्या वर जातो. त्यात पत्र्याचं छप्पर, पश्चिमेची भिंत आणि शेजारी शेगडी असेल तर स्वयंपाकघरात किती होत असेल ते तुम्हीच बघा.

म्हणजे मे महिन्यात दुपारी तीन वाजता फ्रीज धापा टाकत असेल तर तो बिघडलेला असेलच असं नाही. त्याला ज्या उन्हासाठी बनवलं त्याच्यापुढचं ऊन आपण त्याला दाखवतोय. अशा घरी गॅस भरून काही होणार नाही. फ्रीज सावलीच्या भिंतीला हलवा, मागे हवा खेळू द्या, दुपारी दार कमी उघडा. कूलरची ओली हवा थेट फ्रीजवर येत असेल तर कूलरचं तोंड वळवा, कारण दार उघडलं की तीच ओल आत शिरते आणि बर्फ होऊन बसते. हा सल्ला देऊन तुम्ही व्हिजिटचे पैसे घेतले तर तो तुमच्या ज्ञानाचा मोबदला आहे. जूनमध्ये पाऊस पडल्यावर फ्रीज आपोआप चालायला लागला की त्या घरात तुमचं नाव निघतं. आणि याच घरी गॅसचे अडीच हजार घेतले असते तर? जूनमध्ये फ्रीज तेव्हाही चालला असता, आणि त्याचं श्रेय तुमच्या गॅसला मिळालं असतं! हीच तर या खोटेपणाची गंमत आहे, तो लगेच पकडला जात नाही. पुढच्या मे महिन्यात पकडला जातो.

मग लोक खोटं का बोलतात?

सगळे मेकॅनिक लबाड आहेत असं मी अजिबात म्हणत नाही. बरेच जण गणिताने अडकलेले असतात. ते गणित मांडून बघू.

समजा एक पोरगा ठेवला, पगार १५,०००. पेट्रोल ३,०००. दुकानाचं भाडं, फोन, वीज मिळून ७,०००. एकूण २५,०००. महिन्याला २५ दिवस काम, म्हणजे दिवसाला १,००० रुपये खर्च, तुमचा स्वतःचा एक रुपयाही न धरता. दिवसाला पाच कॉल धरले तर प्रत्येक कॉल २०० रुपयांना पडतो. मोटरसायकलला किक मारली की २०० गेले.

आता बोर्डावर लिहिलं, ‘तपासणी मोफत’. पाचातले चार फ्रीज जाळी साफ करून, रबर बसवून, प्लग बदलून सुरू झाले. तिथे मिळाले शून्य किंवा पन्नास. मग दिवसाचे १,००० कोणाकडून निघणार? पाचव्याकडून. त्याला गॅस लागो न लागो. म्हणजे ‘मोफत तपासणी’चा बोर्ड लावला त्याच दिवशी तुम्ही ठरवलंत की कोणा एकाला फसवायचं. नाव फक्त अजून ठरलेलं नाही.

म्हणून माझं म्हणणं: व्हिजिटचे पैसे उघड घ्या, आधी सांगून घ्या. आमच्याकडे २५० आहेत. फोनवरच सांगतो. आणि "काम केलं तर व्हिजिट माफ" हेही मी करत नाही. ऐकायला ते चांगलं वाटतं, पण त्यात ‘काम निघालंच पाहिजे’ अशी ओढ दोन्ही बाजूंना लागते. तपासणी वेगळी, मजुरी वेगळी, पार्ट वेगळा. तिन्ही पावतीवर वेगळ्या ओळीत. काढलेला जुना पार्ट गिऱ्हाईकाच्या हातात.

"दादा, हे नागपूरला चालेल, वर्ध्यात नाही"

हा आक्षेप मला दर बॅचमध्ये ऐकू येतो आणि तो खोटा नाही. व्हिजिट चार्ज सुरू केला त्या उन्हाळ्यात आमचे कॉल कमी झाले. लोक फोनवर म्हणायचे, "नुसतं पाह्याचे अडीचशे? तो दुसरा तर फुकट येऊन पाह्यते." आणि ठेवून द्यायचे. एप्रिलभर मामा माझ्याकडे बघून मान हलवत होते. मे महिन्यात ‘फुकट’वाल्याकडून गॅस भरून आणि तरीही फ्रीज बसलेली घरं आमच्याकडे यायला लागली. सगळी नाही आली. काही गिऱ्हाईकं कायमची गेली, ते मान्य करतो. पण जी राहिली ती आजही आहेत, आणि त्यांनी बहीण, साळा, घरमालक सगळ्यांना आमचा नंबर दिलाय. मोठ्या शहरात फसवून पुढच्या कॉलनीत जाता येतं. आपल्याकडे पुढची कॉलनी म्हणजे त्याच माणसाची सासुरवाडी असते.

ज्याला खरंच २५० जड आहेत, त्याचं काय? त्याच्यासाठी आम्ही वरच्या यादीतले पहिले पाच मुद्दे एका कागदावर छापून दुकानात ठेवले आहेत. फुकट घेऊन जा, घरी करून बघा, नाही झालं तर फोन करा. "असं केलं तर धंदा कसा होईल?" असं विचारणाऱ्यांना सांगतो, जो माणूस जाळी स्वतः साफ करून आला आणि तरी फ्रीज चालला नाही, त्याच्याकडे खरं काम असतं. तो घासाघीस करत नाही.

गॅस खरंच गेला असेल तर

हा भाग नवीन पोरांनी दोनदा वाचा.

जुन्या फ्रीजमध्ये आर-१२ असायचा. तो ओझोनला मारक, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर जगभरातून तो हळूहळू गेला. भारत १९९२ मध्ये त्या करारात आला. मग आर-१३४ए आला. आजच्या बहुतेक नव्या घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए असतो. हा आयसोब्युटेन आहे. पर्यावरणाला सौम्य, वीज कमी खातो, पण पेट घेतो. स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद समजा. हवेपेक्षा जड असल्यामुळे गळला की जमिनीलगत साचतो. कॉम्प्रेसरवर पिवळ्या त्रिकोणात ज्वाळेचं चिन्ह असतं. ते न बघता नळीला गॅसचा टॉर्च लावणारा माणूस धाडसी नसतो, त्याला माहितीच नसते.

त्यात प्रमाण फार थोडं असतं. बऱ्याच छोट्या फ्रीजमध्ये शंभर ग्रॅमच्याही आत, आणि लेबलवर नेमका आकडा लिहिलेला असतो. तो ग्रॅमच्या काट्यावर तोलूनच भरायचा, अंदाजाने नाही. आधी लीक बंद, नवीन ड्रायर, व्हॅक्यूम पंपाने नळ्या कोरड्या, मग गॅस. आणखी एक अडचण: आर-६००ए मध्ये फ्रीज चालू असताना आतल्या बाजूचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असू शकतो. त्या बाजूला छिद्र असेल तर गॅस बाहेर येण्याऐवजी हवा आणि ओल आत जाते. जुन्या सवयीने दाबावरून अंदाज करणारा मिस्त्री इथे फसतो. आणि आर-६००ए च्या जागी दुसरा गॅस कोंबायचा नाही, तसंच आर-१३४ए च्या जुन्या फ्रीजमध्ये हा भरायचा नाही.

काट्याशिवाय, पंपाशिवाय, खिडकी न उघडता कोणी गॅस भरत असेल, तर तो स्वस्त असला तरी नको. तुमच्याकडे ही हत्यारं नसतील तर तो कॉल घेऊ नका. "हे काम आम्ही करत नाही, अमुक जण नीट करतात" असं सांगा. कमीपणा वाटून घेऊ नका. पहिलं दीड वर्ष मीही असंच सांगत होतो.

आणि उघडण्याआधी वॉरंटी कार्ड मागा. बऱ्याच कंपन्या कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची वॉरंटी देतात. मजुरी आणि गॅस त्यात धरलेले असतात की नाही ते कार्डवर वाचा. तुम्ही हात लावल्यावर वॉरंटी जाणार असेल तर काम सोडा आणि गिऱ्हाईकाला कंपनीचा रस्ता दाखवा. त्या दिवसाचं काम गेलं, गिऱ्हाईक राहिलं.

शिकायचं कुठे, टिकायचं कसं

आयटीआयला रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. दहावीनंतर जाता येतं. २०१९ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने कूलिंग अॅक्शन प्लॅन आणला, त्यात या क्षेत्रातल्या एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र द्यायचं उद्दिष्ट होतं. म्हणजे हे काम आता ‘जुगाड’ राहिलेलं नाही, कौशल्य म्हणून धरलं जातंय. दुकान टाकताना उद्यम नोंदणी करा. ती ऑनलाइन आणि पूर्ण मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. कर्ज-अनुदानाच्या योजनांसाठी जिल्हा उद्योग केंद्रात स्वतः जाऊन विचारा. हे मी प्रत्येक बॅचला सांगतो आणि तरी अर्धे जण एजंटकडूनच जातात.

गिऱ्हाईकही आता आधीसारखं अडाणी नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात खराब सेवेची तक्रार करता येते, १९१५ हा हेल्पलाइन नंबर आहे. २०२२ च्या डिसेंबरमध्ये सरकारने ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं. वस्तू फेकण्यापेक्षा दुरुस्त करावी, आणि दुरुस्तीची माहिती लोकांना मिळावी, हा त्याचा उद्देश. वर्ध्याच्या माणसाला यात नवीन काही वाटू नये. याच गावात मगनवाडीत १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला. गावातली गरज गावातल्याच हातांनी भागवायची, हा कुमारप्पांचा आग्रह होता. त्यांच्यासमोर घाणी आणि चरखे होते, आपल्यासमोर कॉम्प्रेसर आहे.

गोदरेजने भारतीय बनावटीचा फ्रीज १९५८ मध्ये आणला. आज मोठमोठे कारखाने रांजणगावला आहेत, शिरवळला आहेत. तिथे आपण पोचू शकत नाही. पण तिथून निघालेला फ्रीज बंद पडतो तो सिंदी मेघेत, बोरगावात, सावंगीत. तो उचलून कोणी रांजणगावला नेत नाही. हा धंदा कोणी ऑनलाइनही पळवून नेऊ शकत नाही, कारण जाळीवरची धूळ पुसायला माणूसच लागतो. इतकी पक्की जागा असलेला धंदा आपण फक्त एका वाक्यापायी बदनाम करून ठेवलाय.

तेव्हा या उन्हाळ्यात दुकान टाकणार असाल, तर पहिल्या दिवशी तीन गोष्टी करा. ‘तपासणी मोफत’ असं बोर्डावर लिहू नका. एक थर्मामीटर आणि एक मल्टिमीटर घ्या, गॅसचा डबा नंतर. आणि पुढच्या वेळी कोणी फोनवर म्हणालं, "भाऊ, गॅस संपला असंल," तर शांतपणे सांगा, "येतो जी, आधी पाहू द्या. व्हिजिटचे अडीचशे लागतील. पण एक सांगा, आत औषध-बिवषध तर नाही ना?"

भेटू पुढच्या व्हिडिओत. त्यात मामा स्वतः रिले आणि ओव्हरलोड तपासून दाखवणार आहेत. कॅमेऱ्यासमोर उभे राहायला त्यांना महिनाभर मनवावं लागलं, तेव्हा नक्की बघा.